ठाण्यावर मेलेलं यान

१

कलेक्टरसाहेबांचं यान ठाण्याला लागलं आणि तिथून निघता निघताच मेलं.

लागलं म्हणजे पडद्यावर हिरव्या अक्षरांत तसं आलं. 'आकाशफेरी' या खेळात चित्र नव्हतंच. टिंबं म्हणजे आकाश, फुली म्हणजे लुटारू, शून्य म्हणजे ठाणं. खेळणाऱ्यानं आकडे दाबून यान न्यायचं, लुटारूंना हुकवायचं आणि टाकीतलं पाणी संपायच्या आत एखादं ठाणं गाठून तिथं पाणी भरायचं. पाणी संपलं की यान मेलं. आता ठाण्यावर पोचून, पाणी भरून यान मेलं म्हणजे दवाखान्यात औषध घेऊन माणूस जाण्यातलाच प्रकार.

"टाकी निम्मी भरलेली होती की हो," कलेक्टर हसत म्हणाले. "मग मी मेलो कसा?"

कॉलेजचा हॉल हसला. कलेक्टरांनी घड्याळ पाहिलं, टंचाईची बैठक आहे म्हणाले आणि हार टेबलावर ठेवून निघून गेले.

शहाऐंशी सालचा उन्हाळा. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती. जिल्ह्याला नवी कचेरी मिळाली, नवे साहेब मिळाले, पाणी तेवढं मिळालं नव्हतं. त्यातही या कॉलेजनं एक कॉम्प्युटर आणला होता आणि त्याचा रुबाब असा की खेड्यांतले लोक लग्नाला आल्यावर तो बघून जात. आकाशफेरी मूळची अमेरिकेतली, एका मासिकात छापलेली. ती वेगळ्याच यंत्रासाठी लिहिलेली असल्यानं आपल्या यंत्राला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. बिलकीस शेख आणि व्यंकटी केंद्रे या दोन डेमॉन्स्ट्रेटरांनी वर्षभर खपून प्रोग्रॅमची ओळ न ओळ नव्यानं लिहिली. मूळ खेळात इंधन होतं. बिलकीस म्हणाली, इंधन संपलं तर आपल्या पोरांना काही वाटत नाही, पाणी संपलं म्हटलं की घाम फुटतो. तेव्हापासून यान पाण्यावर चालू लागलं, आणि पोरं काढतील त्या चुका हे दोघं दुरुस्त करत आले.

साहेब गेले तरी हॉल भरलेलाच होता. विभागप्रमुख अमृतराव मंचावरून खाली वाकले.

"बिलकीस, ठाण्यांचं पाणी तूच कमी केलंस ना? मुद्दाम केलंस. कॉलेजची अब्रू घालवलीस."

माईक चालूच होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेळाची ती फ्लॉपी कॉम्प्युटरच्या खोलीतल्या कपाटातून नाहीशी झालेली होती.

२

चौकशी प्राचार्यांनी महानंदा वाघमारेंकडे दिली. बाई संख्याशास्त्र शिकवायच्या. नायगावकडच्या. बोलणं कमी आणि ऐकणं इतकं जास्त की समोरचा घाबरून दोन वाक्यं जास्तच बोलून जायचा. परीक्षेतल्या कॉप्या पकडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्या बरोबर उत्तरांकडे बघतच नसत. "बरोबर उत्तर सगळ्यांचं एकच असतं," त्या म्हणायच्या. "चूक मात्र ज्याची त्याची असते."

बिलकीस स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसली होती. आजूबाजूच्या खुर्च्या आपोआप रिकाम्या झाल्या होत्या.

"पाणी मी कमी केलं, मॅडम," ती सरळ म्हणाली. "आधी प्रत्येक ठाण्यावर टाकी काठोकाठ भरेल एवढं पाणी राहायचं. अमृतराव सर म्हणाले, कलेक्टर येणार, आपल्या जिल्ह्यासारखं वाटू दे, दुष्काळ दाखव. मी ठाण्यांवर थोडं थोडंच ठेवलं."

"चालवून पाहिलं नाही?"

"दोन दिवस लाइट कुठं होती? आल्यावर सर म्हणाले, आता हात लावू नको."

"पाणी कमी केलं म्हणून यान मेलं का?"

"न्हाई मॅडम. तेच तर डोक्यात बसून न्हाई राहिलं. साहेबांची टाकी निम्मी होती. ठाण्यावर थोडं होतं. निम्म्यात थोडं टाकलं तर निम्म्याच्या वरच होणार ना? सगळ्या हॉलनं बघितलं, ठाण्यातून निघताना टाकीत घोटभर उरलं होतं. दुसऱ्याच पावलाला यान गेलं."

बिलकीसनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ती फ्लॉपी मिळाली अन् मला यंत्रापुढं बसू दिलं तर अर्ध्या तासात चूक शोधते. पण सर खोलीत पाय ठेवू देईनात. पर्मनंट जागा एकच हाय, मॅडम. पुढच्या आठवड्यात मुलाखत. मी त्या जागेसाठी, व्यंकटी सरांचं नाव घालवायला यान पाडलं असं म्हणून राहिलेत. व्यंकटी सर पुढं जावेत म्हणून पाडलं असतं का मी? माझंच नाक कापून?"

"ठाण्याचा भाग कोणी लिहिला होता?"

"दोघांचाही हात लागलाय त्याला. कोणती ओळ कोणाची, आता कसं सांगू? फ्लॉपी असती तर निदान ओळ तरी दिसली असती."

फ्लॉपी नव्हती. पण खेळ होता. व्यंकटीनं दुसऱ्या फ्लॉपीवरची प्रत त्याच दुपारी प्राचार्यांना चालवून दाखवली, तीही ठाण्यांवर पाणी कमी करून. यान ठाण्याला लागलं, पाणी भरलं आणि मजेत निघून गेलं. म्हणजे बिलकीसनं साहेबांसाठी वेगळी, बिघडवलेली प्रत केली होती, असाच अर्थ निघत होता. प्राचार्यांनी तिच्या नावापुढं पेन्सिलनं फुली मारलेली महानंदाबाईंनी स्वतः पाहिली.

३

कॉम्प्युटरची खोली शिपाई मकबूलच्या ताब्यात. खोलीला कूलर आणि कूलरशेजारी पाण्याचा निळा ड्रम. मकबूल त्या ड्रमवर हात ठेवूनच बोलायचा, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"कार्यक्रम झाल्यावर परत कोण आलं होतं?" बाईंनी विचारलं.

"तिघं. बिलकीसबाई पिशवी न्यायला. रडत होत्या, कपाटाकडं बघितलं बी न्हाई. व्यंकटी सर मशीन झाकायला. अन् अमृतराव सर, मशीनबरोबर इथं आलेला साहेबांचा हार न्यायला. चाव्या कपाटालाच लटकत होत्या, मॅडम. माझी चूक हाय ती. पण मला माणसापेक्षा या पाण्याचीच राखण जास्त. होस्टेलची पोरं बादली घिऊन दारात येतात, माझ्या तोंडाकडं बघतात. देऊ कुठून? मशीन तापली तर सर माझी कातडी काढतील."

व्यंकटी व्हरांड्यातच भेटला. चाकूरजवळच्या एका खेड्यातला, हुशार, मान खाली घालून बोलणारा. पांढरा शर्ट, कडक इस्त्री.

"बिलकीसबाईंनी मुद्दाम केलं असं मी म्हणत न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "चुकून झालं असंल."

"तुम्हाला चूक सापडली नाही?"

"ती फ्लॉपीच न्हाई तर काय सापडणार?"

"राहता कुठं?"

"होस्टेललाच. खोली हाय तिथं."

"पाण्याचं कसं?"

"भागतंय," तो म्हणाला आणि तास असल्याचं सांगून गेला. शर्टाची पाठसुद्धा पांढरीशुभ्र होती.

अमृतरावांनी बाईंना घरी बोलावलं. स्टाफ क्वार्टर्समधलं पहिलं घर त्यांचं. मोरीच्या तोंडाशी अळूची पानं सुपाएवढी झाली होती.

"चौकशी कसली करायची त्यात?" ते म्हणाले. "त्या पोरीला व्यंकटी पुढं गेलेला बघवत नाही. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, विषय संपला."

"सर, ठाण्यात यान शिरल्यावर टाकीचा हिशेब कसा होतो?"

"ते तुम्ही पोरांना विचारा." अमृतरावांनी चहा पुढे केला. "मला एक सांगा, ती फ्लॉपी कुणी उलटी घातली तर खेळ उलटा चालत असेल का?"

बाईंनी चहा पिऊन टाकला. या माणसाला यंत्र चालू करायची कळसुद्धा ठाऊक नव्हती. अमृतरावांनी आरोप केला होता, पण ओळ लिहिणं त्यांच्या बापजन्मी शक्य नव्हतं. मग उरले दोघं, आणि दोघंही एकाच खेळाचे आईबाप.

४

महानंदाबाई शेवटच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहत. सकाळी टँकरचा हॉर्न वाजला. कॉलेजचा टँकर आधी क्वार्टर्सच्या टाकीत रिकामा व्हायचा आणि उरलं तर होस्टेलला जायचा. बाईंना हे माहीत होतं, पण जे रोज घडतं त्याच्याकडे माणूस बघत नाही. नळाला धार आली तशा त्या उठल्या, कालची घागर उचलली आणि दारातल्या जाईच्या मुळाशी ओतायला लागल्या.

अर्धी घागर ओतून झाली आणि त्यांचा हात थांबला.

निम्मी टाकी. वरून थोडं पाणी. तरी शेवटी घोटभरच. ते निम्मं पाणी कुठं गेलं, हे कोडं त्या दोन दिवस कागदावर सोडवत होत्या आणि त्याचं उत्तर त्यांच्या पायाशी मातीत मुरत होतं. यान ठाण्याला लागलं की आधी टाकी रिकामी होत होती. कोणीतरी कालचं शिळं पाणी ओतून देऊन मग ताजं भरायची ओळ लिहिली होती. वर्षभर ठाणी भरलेली होती, ओतलेलं भरून निघायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ठाण्यांवर दुष्काळ आला आणि यान मेलं.

चूक ज्याची त्याची असते. पण या साली, या गावात, ताजं पाणी आलं म्हणून शिळं ओतून द्यायला कुणाचा हात धजावत होता? बिलकीसच्या मोहल्ल्यात आठवड्यातून एकदा पाणी येतं. तिथं तळातलं गढूळ पाणीही फडक्यानं गाळून ठेवतात. होस्टेलवर तर ओतायला आधी मिळायला हवं. शिळं पाणी ओतायची चैन गावात थोड्याच घरांत उरली होती आणि ती सगळी या एका टँकरवर होती.

बाई पायरीवर बसल्या. त्यांच्या आईला पाणवठ्यावर घागर बुडवू देत नसत. कोणीतरी वरून ओतेल म्हणून ती घागर घेऊन उन्हात उभी राहायची. त्या आईची मुलगी आज टँकरचं पाणी जाईला ओतत होती आणि तिला त्यात काही दिसतही नव्हतं. त्यांना इतकी लाज वाटली की नळ चालू आहे हेही भान राहिलं नाही. मग धावत जाऊन त्यांनी नळ बंद केला आणि उरलेल्या अर्ध्या घागरीवर झाकण ठेवलं.

बिलकीस सुटली होती. पण अमृतरावांना ओळ लिहिता येत नाही, आणि व्यंकटी तर होस्टेलवर राहतो. मग ओतलं कोणी?

५

होस्टेलच्या हौदात पालापाचोळा होता. पोरांचे बनियन पिवळे पडलेले, चादरी कधी धुतल्या ते विचारायची सोय नव्हती.

"व्यंकटी सरांची खोली कोणती?"

"ती काय, कुलूप हाय ती," एक पोरगा म्हणाला. "सर इथं कुठं राहतात, मॅडम? ते अमृतराव सरांच्या मागच्या खोलीत असतात. त्यांचं पाणी भरतात, दळण आणतात. पर्मनंट व्हायचंय ना."

दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. बाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

एवढ्यावर प्राचार्यांनी पेन्सिलची फुली खोडली नसती. व्यंकटी शहाणा होता. त्यानं ओळ बदलून टाकली होती, फ्लॉपी नाहीशी केली होती, आणि विचारलं तर नाहीच म्हणाला असता. पण ओळ बदलता येते, हाताची सवय एवढ्यात बदलत नाही. बाईंनी प्राचार्यांना फक्त एक विनंती केली. उद्याचा टँकर क्वार्टर्सवर न जाता आधी कॉलेजात यावा.

टँकर आला तेव्हा होस्टेलची पोरं बादल्या घेऊन रांगेत उभी होती. प्राचार्य होते, अमृतराव कपाळावर आठ्या घालून होते, आणि बाईंनी बोलावलं म्हणून बिलकीस भिंतीला टेकून उभी होती.

मकबूलनं सांगितल्याप्रमाणे ड्रम बाहेर आणून ठेवला. त्यात निम्म्याच्या आसपास पाणी होतं.

"मशीन तापलंय, ड्रम आधी भरून घ्या," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "व्यंकटी, तुम्ही धरा हो जरा. मकबूल, तू पाइप धर."

व्यंकटी पुढं झाला. बाह्या सरसावल्या, ड्रमला दोन्ही हात घातले आणि रोज करत असावा तशा सफाईनं ड्रम आडवा केला. पाणी भसकन धुळीत गेलं. त्यानं चार बोटांनी आतून कडा चोळली, ड्रम उभा केला आणि पाइपसाठी हात पुढे केला.

पाइप आला नाही. मकबूल ओल्या मातीकडे बघत होता. रांगेतला एक पोरगा बादली घेऊन त्या ओघळाकडे धावला होता, पण तोवर जमिनीनं पाणी पिऊन टाकलं होतं. तो तसाच वाकून राहिला.

व्यंकटीनं आपल्या हातांकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्याला कळलं.

"कलेक्टरांचं यान असंच मेलं," महानंदाबाई प्राचार्यांना म्हणाल्या. "पाणी कमी केलं बिलकीसनं, आणि ते सरांनी सांगितलं म्हणून. पण टाकी ओतली ती त्याआधीच्या एका ओळीनं. ती ओळ ज्याच्या घरी रोज ताजं पाणी येतं त्यालाच सुचू शकते. सुचू शकते म्हणजे काय, ती ओळ वाचली असती तर मलाही तीत चूक दिसली नसती. मी काल सकाळपर्यंत हेच करत होते."

अमृतराव पुढं आले. "मुलांसमोर हे कशाला? आपण आत बसून..."

"हॉलमध्ये माईकवर झालं ते मुलांसमोरच झालं, सर."

व्यंकटीनं सरसावलेल्या बाह्या खाली ओढल्या. बोलला तेव्हा तो कोणाकडेच बघत नव्हता.

"यान मेलं तवाच मला कळलं. माझीच ओळ. वाईट मनानं लिव्हली न्हाई, मॅडम. पाणी भरायचं म्हणजे आधी ओतायचं, एवढंच डोक्यात होतं. तिथंच सांगणार होतो. पण सांगितलं असतं तर कोणीतरी विचारलंच असतं, ही ओळ सुचली कशी. मग या पोरांना काय तोंड दाखवलं असतं? गावाकडं माझी माय कोरड्या नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरून राहिली. अन् मी रोज घागरी ओततो. म्हणून गप बसलो. फ्लॉपी माझ्याकडंच हाय."

"अन् मी?" बिलकीस म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझं काय व्हईल हे सुचलं न्हाई?"

"सुचलं," व्यंकटी म्हणाला. "तरी गप बसलो."

प्राचार्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, टँकर यापुढं आधी होस्टेलला जाईल. व्यंकटीनं मुलाखतीला येऊ नये. बिलकीसबद्दल हॉलमध्ये सगळ्यांना बोलावून सांगू.

"हॉलचं राहू द्या, सर," बिलकीस म्हणाली. "त्या दिवशी हॉलमधून बातमी माझ्याआधी घरी पोचली. अम्मीला सांगा. दुसऱ्या कोणी न्हाई, व्यंकटी सरांनीच सांगावं."

६

मोहल्ल्यातली गल्ली अरुंद. महानंदाबाई पुढं, मागं व्यंकटी, बिलकीस सगळ्यात मागं. तिला घरात आधी शिरायचं नव्हतं.

बिलकीसची आई बानो शिलाईच्या मशीनवर होती. दारात मास्तरमाणसं बघून ती उठली, पदर सावरला, खाटेवरचे कपडे बाजूला केले. कोण, कशाला, काही विचारलं नाही. आत जाऊन पाण्याचे दोन पेले घेऊन आली. माठाच्या तोंडाला फडकं बांधलेलं दारातून दिसत होतं.

"बसा, साहेब. उन्हाचं आले. आधी पाणी प्या."

व्यंकटीनं पेला घेतला. तो प्यायला, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि रिकामा पेला हातात धरून उभाच राहिला. मग त्यानं सगळं सांगितलं. आपली ओळ, आपली फ्लॉपी, आपलं गप्प बसणं. मधे एकदा तो थांबला तेव्हा महानंदाबाई बोलल्या नाहीत. त्याचं त्यानंच पुरं करायला हवं होतं.

"तुमच्या मुलीनं काही केलं न्हाई," तो शेवटी म्हणाला. "तिची काही चूक न्हाई. जे केलं ते मी केलं."

बानो त्याला रागावेल, निदान घरातून जा म्हणेल, अशी तयारी करून तो आला होता. पण तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती दाराकडे बघत होती. उंबऱ्याबाहेर बिलकीस चपला न काढता उभी होती.

बानोनं तोंडाला पदर लावला.

"लोक म्हणले तसं मी बी म्हणले," ती म्हणाली. "हिला विचारलं बी न्हाई. चार दिवस झाले, साहेब, मी हिला जेव म्हणले न्हाई."

बिलकीस आत आली. ती आईजवळून सरळ आतल्या खोलीत गेली, आईला तिच्याकडे मान वर करून बघवलं नाही. थोड्या वेळानं आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

व्यंकटी तो पेला खाली ठेवायला जागा शोधत होता.